फ्रिजमध्ये ठेवलेले कंद

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

यंदा वल्हांडणाच्या सणाला फोनवर बोलताना थोरलीने मला विचारलं, "आजी, आई आजारी होती तेव्हा तुम्ही दोघं आलात का नाही?" तिच्या बोलण्यात भांडणाचा सूर नव्हता. आमटीत मीठ किती घालायचं, असं विचारावं तसं तिने विचारलं. मी लिहून कळवते म्हणाले आणि फोन ठेवला. आता तिचे दिवस भरत आले आहेत. असला प्रश्न मनात घेऊन कुणी बाळंतपणाला जाऊ नये, म्हणून आत्ता लिहायला बसले आहे. धाकट्याने मला कधीच काही विचारलेलं नाही. तो तेव्हा रांगत होता. पण हे त्याच्यासाठीही आहे.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला स्वतः वाचता आलं असतं, हे मला कळतं. माझं सगळं शिक्षण मुंबईला इंग्रजीतून झालं आणि पेणच्या शाळेत मी जन्मभर इंग्रजीच शिकवलं. दोनदा सुरुवातही केली. दोन्ही वेळा शाळा-तपासणीचा अहवाल लिहिते आहे असं वाटायला लागलं. म्हणून मराठीतच लिहिते. वडिलांकडून वाचून घ्या, आणि ते मध्येच थांबले तर त्यांना थांबू द्या.

तुमची आई लग्नानंतर वर्षाच्या आत तुमच्या वडिलांबरोबर तिकडे, इस्राएलला, आली. नव्वद साल नुकतंच मागे पडलं होतं. तेव्हा पेणमध्ये आपली, बेने इस्राएल ज्यूंची, मोजकीच घरं उरली होती. एके काळी आळीच्या आळी आपली होती. आता आमच्या दोन्ही अंगांना गणपतीचे कारखाने होते. सकाळी दार उघडलं की समोर बिनरंगाच्या मूर्ती ओळीने वाळत बसलेल्या दिसायच्या. रोह्याला, वरसे गावाच्या बाजूला, माझा भाऊ आणि वहिनी राहायचे. ते माझं माहेर. तुमचे आजोबाही नोकरीला रोह्यालाच होते, एका कंपनीत. पेण-रोहा जाऊन येऊन करायचे आणि दुपारी सुटणारी शिफ्ट असली की वहिनीच्या हातचं जेवूनच घरी यायचे.

निवृत्त झाल्यावर त्यांना एकच काम उरलं, ते म्हणजे मशीद उघडणं. आपल्या प्रार्थनालयाला आम्ही मशीदच म्हणायचो, आणि सगळं गावही तेच म्हणायचं. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. पेणमध्ये दहा जमेनासे झाले तेव्हा आजोबा रोह्याहून आणि अलिबागहून माणसं बोलावू लागले. त्यांना आणायला एसटी स्टँडवर जायचे, आणि नऊ जमले की दहाव्यासाठी रस्त्याकडे डोळे लावून उभे राहायचे. त्यांना तिकडे यायचं नव्हतं. त्यांचे आईवडील इथल्या कब्रस्तानात आहेत, आणि मी गेलो तर नवाचे आठ होतील, असं म्हणायचे.

मला यायचं होतं. हे मी कधी लपवलं नाही. एकुलती एक मुलगी तिकडे, नात तिकडे जन्मलेली, आणि मी इथे परक्यांच्या मुलांना क्रियापदं शिकवत बसलेली.

आपल्या नव्या वर्षाच्या सणाला तुमची आई पेणला आली. थोरली नुकती चालायला लागली होती. आईच्या बॅगेत खजूर होते, मेणबत्त्या होत्या आणि एक जाळीची पुडी होती. पुडीत लसणाच्या पाकळीएवढे, पण गोल, तपकिरी सालीचे कंद होते. वर चित्र चिकटवलेलं होतं: द्राक्षाचा इवलासा घड उलटा उभा धरावा तसा गर्द निळा तुरा. इंग्रजीत त्याला ग्रेप हायसिंथ म्हणतात हे मी पुस्तकात वाचलं होतं. फूल कधी पाहिलं नव्हतं. मराठीत त्याला नाव नाही, असायचं कारणही नाही. तुमच्या आईने त्याला निळी मंजिरी म्हणायला सुरुवात केली आणि आमच्या घरात तेच नाव राहिलं. तिकडे ही मंजिरी रस्त्याच्या कडेला आपोआप उगवते, पण रानातली उपटायला बंदी आहे, म्हणून तिने नर्सरीतून विकत घेतली होती.

शुक्रवारी रात्री जेवायला बसलो असताना आजोबांनी तो विषय काढला. उगाच चिडवायला काढला. जे रस्त्याकडेला फुकट उगवतं ते विमानातून कशाला आणलंस, असं विचारलं.

"तुम्ही येत नाही म्हणून, पपा," ती म्हणाली. "निदान हे तरी बघा."

त्यावर आजोबा म्हणाले, पेणच्या उकाड्यात थंडीचं फूल येत असतं तर आम्ही इथे बर्फाच्या वड्या पिकवल्या असत्या. मग माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवत म्हणाले, "हे इथे फुललं ना, तर मी तिथे राहायला येईन."

तुमच्या आईने हातातला घास खाली ठेवला. "नवस समजू?"

"समज."

"मग माझाही. फूल आलं आणि तुम्ही दोघं आलात की माझ्या घरी मलिदा."

मलिदा तुम्हाला माहीत आहे. नवस फेडताना, लग्नाच्या आधी, लांबच्या प्रवासाला निघताना आपण करतो. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, वर नाना तऱ्हेची फळं, आणि त्या ताटासमोर आपल्या संदेष्ट्याच्या नावाने प्रार्थना. आपल्यात नवस चेष्टेने बोलत नाहीत. ते दोघंही हसत होते, पण बोललेला शब्द परत घेता येणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. मला तर पक्कं ठाऊक होतं. शब्बाथ, आपला काम न करण्याचा दिवस, लागला होता, म्हणून तो सरेपर्यंत कशाला हात लावला नाही. रविवारी सकाळी कंद ताब्यात घेतले.

माझ्याजवळ बागकामाचं एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं. त्यात लिहिलं होतं की हे कंद शरद ऋतूत, हवा गार होऊ लागली की लावावेत. पेणला तेव्हा ऑक्टोबरची लाही होत असते. शेतांत भातकापणी चाललेली, आणि दुपारी अंगणातल्या फरशीवर पाय टेकवत नाही. त्या पुस्तकाचा लेखक पेणला आला असता तर त्याने बाग सोडून दिली असती. पण नर्सरीवाल्याने तुमच्या आईला उपाय सांगून ठेवला होता. उष्ण देशात या कंदांना खोटा हिवाळा दाखवावा लागतो. कोरडे, अंधारात, गारव्यात ठेवायचे. डिसेंबर आला की मातीत घालायचे. म्हणजे त्यांना वाटतं थंडी होऊन गेली, आता फुलायला हरकत नाही.

मी ते कंद खाकी कागदाच्या पिशवीत घातले आणि फ्रिजच्या खालच्या, भाजीच्या कप्प्यात ठेवले. भाजी वरच्या फळीवर आली. आठवड्यातून एकदा पिशवी उघडून बघायची, दमट वाटली तर कागद बदलायचा. वीज गेली की फ्रिजचं दार कुणी उघडायचं नाही, असा नियम केला.

आमच्याकडे खाडीकडच्या गावातली एक मासळीवाली यायची. आपण खवल्यांचीच मासळी खातो हे तिला पाठ होतं, तरी दर खेपेला कोलंबी वर काढून दाखवायची आणि तुमचं हिच्याशी काय वैर हाय गो, म्हणून विचारायची. तिने एकदा ती पिशवी पाहिली. हे कांदे कशाला गार करताव, विचारलं. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे लेकीकडं जायाला कांद्याची परवानगी पायजे?" आजोबा ओटीवरच बसले होते. त्यांनी पेपर जरा वर धरला.

त्या वर्षी माणसं निघून चालली होती. सण संपले आणि आमच्या आळीतलं एक घर निघालं, मग मशिदीमागचं एक. दिवाळीनंतर माझा भाऊ आणि वहिनी निघाले. प्रत्येक घराचा निघण्याआधीचा मलिदा मशिदीत झाला. मशिदीला सर्वांत जवळ घर आमचं आणि मोठा फ्रिजही आमचाच. म्हणून मलिद्याची फळं चार-दोन दिवस आधी आमच्याकडे येऊन पडायची. सफरचंदं, पेरू, चिकू, पिवळी झालेली पपई. मी कंदांची पिशवी एका बाजूला सारायची आणि उरलेल्या जागेत फळं रचायची. कप्पा उघडला की पेरूचा वास स्वयंपाकघरभर व्हायचा.

भावाचा मलिदा खरं तर रोह्याला व्हायचा. पण रोह्यात, तो म्हणाला, कब्रस्तानातले धरले तरच दहा होतात. तेव्हा तो पेणला झाला. वहिनी आदल्या दिवशी येऊन माझ्या स्वयंपाकघरात पोहे निवडत बसली. तू कधी निघणार, असं तिने विचारलं. मी भाजीचा कप्पा उघडून पिशवी दाखवली. ती खूप हसली. "तुझा व्हिसा भाजीत ठेवलाव तर," म्हणाली. मग तिने पेरू काढायला हात घातला आणि हसता हसता रडायला लागली. मी तिला रडू दिलं. दुसऱ्या दिवशी आजोबांनी प्रार्थना म्हटली. त्यांचा आवाज फाटला नाही. मशीद बंद करताना मात्र त्यांनी कुलूप दोनदा लावलं आणि दोनदा ओढून पाहिलं.

डिसेंबरात मी कंद लावले. पसरट कुंड्या घेतल्या, नदीची वाळू, कुजलेला पाला आणि थोडी विटांची भुकटी. टोक वर, बोटाच्या दोन पेरांएवढं खोल, एकमेकांना चिकटणार नाहीत इतकं अंतर. कुंड्या पूर्वेच्या भिंतीशी ठेवल्या, म्हणजे सकाळचं ऊन लागेल आणि दुपारी सावली येईल. पाणी माठातलं, तेही बेताने. थोड्याच दिवसांत गवतासारखी हिरवी पाती वर आली. इतका आनंद मला शाळेच्या निकालाचाही कधी झाला नव्हता.

पाती वाढत गेली. लांब झाली, कुंडीबाहेर लोंबायला लागली. जानेवारी संपला, फेब्रुवारी संपला. मी रोज पाती दोन्ही हातांनी बाजूला करून आत बघायची. आजोबाही बघायचे. दात घासत अंगणात यायचे, कुंड्यांपाशी थांबायचे, घासणं लांबवायचे. फूल आलं नाही. एकाही कंदाला नाही. आजोबांचा जीव भांड्यात पडलेला मला दिसत होता, आणि तो मला दिसतोय हे त्यांनाही कळत होतं. त्या महिन्यात आम्ही एकमेकांशी फारच नीट वागलो.

फोनवर तुमची आई हसली. पाती आली म्हणजे कंद जगले, पुढच्या वर्षी बघू, असं म्हणाली. तेव्हा धाकटा पोटात होता. मी आजोबांना म्हटलं, फूल राहू द्या, बाळंतपणाला तरी जाऊ. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, नवस उलटा फेडता येत नाही. फूल आलं असतं तर गेलोच असतो. तुमच्या वडिलांच्या आई तिथे आहेत, त्या करतील. तसं त्यांनी केलंही, आणि धाकटा सुखरूप झाला.

उन्हाळ्यात पाती पिवळी पडली. मी कंद उकरून काढले, सावलीत सुकवले. काही मऊ झाले होते ते टाकून दिले. बाकीचे जुन्या मच्छरदाणीच्या कापडात सैल बांधून चुलीवरच्या खुंटीला टांगले. अलिबागचा पांढरा कांदा वेण्या घालून टांगतात तसेच. आमच्याकडच्या पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. तिथे, चुलीच्या उबेला, ते कोरडे राहिले.

पुढचं वाचताना वडिलांना दोष देऊ नका. त्याच पावसाळ्यात तुमच्या आईला थकवा यायला लागला. बाळंतपणाचा असेल असं सगळ्यांना वाटलं. रक्त तपासलं तेव्हा रक्ताचाच आजार निघाला. आणि त्याच पावसाळ्यात इकडे आजोबांच्या छातीत दुखलं, त्यांना पनवेलला नेऊन दवाखान्यात ठेवावं लागलं. ते मी तिला फोनवर सांगितलं होतं. मग तिने आपलं सांगितलं नाही. पपांना सोसणार नाही असं तिला वाटलं, आणि तिने तुमच्या वडिलांना शपथ घातली. आम्हाला यातलं काहीही माहीत नव्हतं.

तिचे फोन वाढले एवढंच कळत होतं. आवाज बारीक झाला होता. मी विचारलं तर लाइन खराब आहे म्हणायची. दर वेळी आधी कंदांची चौकशी. फ्रिज नीट चालतोय ना, वीज किती जाते, पिशवी कोरडी आहे ना. आणि फोन ठेवताना हटकून एक वाक्य, "पपांना शब्द आठवतोय ना?" मला वाटायचं पोरीला घरची आठवण येते आहे. हिला आठवण येते म्हणून आतल्या आत मला बरंही वाटायचं.

त्या वर्षीच्या हिवाळ्याआधी आमचा फ्रिज रिकामा होता. जायचे ते गेले होते, आणि राहिलेल्यांपैकी कुणी निघत नव्हतं. मलिदा झाला नाही. नव्या वर्षाच्या प्रार्थनेलाही दहा जमले नाहीत. सात जण आले, बसले, चहा पिऊन गेले. फ्रिजमध्ये दूध होतं, भाजी होती आणि खालच्या कप्प्यात कंदांची पिशवी एकटी होती.

डिसेंबरात पुन्हा लावले. माती तीच, जागा तीच, हात तोच. पाती या वेळी आखूड आली, म्हणून मला वाटलं कंद थकले.

फेब्रुवारीतली गोष्ट. मी आत तांदूळ धूत होते. आजोबांनी अंगणातून हाक मारली. मोठ्याने नाही, झोपलेलं माणूस जवळ असावं तशी. ते कुंडीशी उकिडवे बसले होते. डॉक्टरांनी त्यांना तसं बसायला मना केलं होतं. पात्यांच्या मुळाशी, मातीला जवळजवळ चिकटून, तुतीएवढा एक तुरा होता. वरचे मणी मिटलेले, हिरवट. खालचे निळे. प्रत्येक मण्याच्या तोंडाला बारीक पांढरी कड, शाळेतल्या मुलीच्या फ्रॉकला असते तशी. चित्रातल्याच्या निम्मासुद्धा नव्हता तो. शेजारच्या कारखान्यातला रंगारी हात पुसत बघायला आला, बराच वेळ बघून गेला. मासळीवाली म्हणाली, येवढ्याशासाठी दोन वर्सं. मग टोपली खाली ठेवून पुन्हा वाकली आणि म्हणाली, "पन हाय हो देखना."

आजोबा भिंतीला धरून उठले. "आपले पासपोर्ट कुठे ठेवलेत?" त्यांनी विचारलं.

पासपोर्ट तुमच्या आईने लग्नाआधीच हट्टाने काढायला लावले होते. ते कपाटातून काढले आणि मगच तिला फोन लावला. फोन तुमच्या वडिलांनी घेतला. आजोबा म्हणाले, फूल आलं, आम्ही येतो, तिला दे.  ती झोपली आहे, उठल्यावर सांगतो, असं तुमचे वडील म्हणाले. तुमच्या आजोबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. ते दुपारभर घरात फिरत होते, कुठलं भांडं न्यायचं आणि कुठलं कुणाला द्यायचं ते मला सांगत होते. मशीद आता कोण उघडणार, याची व्यवस्थाही त्यांनी मनाशी लावली होती. दोन वर्षं ज्या माणसाने पाय रोवले होते, तो एका तुऱ्यासरशी मोकळा झाला होता.

दुसऱ्या दिवशी तुमच्या वडिलांचा फोन आला. तो मी घेतला. ते म्हणाले, "आई, फुलासाठी नका येऊ. लवकर या." आणि मग शपथ मोडून सगळं सांगितलं. तिने निरोप ऐकला होता. निळंच आहे ना, असं विचारलं होतं. मग म्हणाली होती, मलिदा हॉल घेऊन करायचा नाही, घरीच करायचा.

आम्ही मुंबईला गेलो, व्हिसासाठी बसलो, तिकिटासाठी बसलो. तिकीट हातात पडण्याआधी ती गेली. आपल्यात माती लगेच देतात. आम्ही पोचलो तेव्हा शोकाचे सात दिवस उलटून गेले होते. शोकात झाकलेले आरसे उघडले होते आणि त्या पहिल्याच आरशात मला मी दिसले.

धाकटा मला बघून रडला. त्याने मला कधी पाहिलंच नव्हतं. थोरलीने थोड्या वेळाने माझं बोट धरलं आणि मला बाहेर नेलं, आजोबाही मागून आले. तुमच्या घरासमोरच्या बस थांब्यामागे उतार होता. तो सगळा निळा होता. दगडांच्या फटींतून, कचऱ्याच्या डब्यापाशी, पायवाटेच्या मधोमध निळी मंजिरी उभी होती. शाळेतून आलेली मुलं तिच्यावरूनच चेंडू खेळत होती. आजोबा तिथे किती वेळ उभे राहिले ते मला सांगता येणार नाही. थोरलीने तीन-चार तुरे तोडून त्यांच्या खिशात घातले.

दुःखाच्या घरात नवसाचा मलिदा करावा का, यावर मोठ्या माणसांत वाद झाला. आजोबा म्हणाले, नवस तिचा होता आणि फूल आलं. महिना झाल्यावर घरीच मलिदा केला. पोहे मी भिजवले. प्रार्थना म्हणताना आजोबांचा आवाज पहिल्यांदा फाटला, तेव्हा माझ्या भावाने ती पुढे नेली. थोरलीने ताटातले खजूर खाल्ले आणि आईसाठी एक बाजूला ठेवला.

आम्ही राहिलो नाही. जिच्यासाठी शब्द दिला होता तीच नव्हती, आणि आजोबांना तिथे श्वास घेता येईना. मला राहायचं होतं. तुम्हाला न्हाऊमाखू घालायला हात हवे होते, माझे चांगले होते. पण तुमच्या दुसऱ्या आजीने ते घर आधीच सांभाळलं होतं, आणि इकडे आजोबांना एकटं सोडता येत नव्हतं. मी त्यांच्याबरोबर परत आले.

घरी आल्यावर पाती वाळलेली सापडली. शेजाऱ्यांनी पाणी घातलं होतं, त्यांचा दोष नव्हता, उन्हाळाच आला होता. मी कंद काढले, सुकवले, टांगले. दिवाळीनंतर तिच्या कबरीचा दगड बसवायला पुन्हा तिकडे गेलो तेव्हा उरलेले सगळे कंद रुमालात बांधून बरोबर नेले. दगडाच्या पायथ्याशी मी ते लावले. टोक वर, दोन पेरं खोल. फ्रिजमध्ये ठेवले नव्हते. तिथे खोट्या हिवाळ्याची गरज नव्हती.

आणखी काही वर्षांनी दादरला एका मैत्रिणीकडे एक इंग्रजी मासिक चाळत होते. त्यात कंदांवर लेख होता. गारव्यात ठेवलेल्या कंदांजवळ पिकलेली फळं ठेवू नयेत, असं त्यात लिहिलं होतं. फळं पिकताना वायू सोडतात, आणि त्याने कंदाच्या पोटातलं फूल मरतं. कंद मरत नाही, पाती येतात. फूल तेवढं येत नाही.

मी मासिक मिटून ठेवलं. मैत्रिणीने चहा आणला, तो प्यायले. पहिल्या वर्षीच फूल आलं असतं तर आजोबांनी तेव्हाच पासपोर्ट मागितले असते. धाकट्याच्या जन्माला आम्ही तिथे असतो. तिला थकवा आला तो माझ्या डोळ्यांसमोर आला असता. तिला बरं करता आलं नसतं, पण ते पूर्ण वर्ष आम्हाला तिच्याजवळ मिळालं असतं. आणि फूल का आलं नाही, तर माझा भाऊ चालला होता, आळीतली माणसं चालली होती, आणि त्यांचा प्रवास सुखाचा व्हावा म्हणून आम्ही फळं आणली होती. यात कुणाचं चुकलं, हे मी पुष्कळदा शोधलं. कुणाचंच नाही. आजोबा तेव्हा हयात होते. त्यांना मी हे कधीच सांगितलं नाही. आता ते इथल्या कब्रस्तानात त्यांच्या आईवडिलांशेजारी आहेत. त्यांच्या मातीच्या वेळी दहा माणसं पनवेल-अलिबागहून गाडी करून आणावी लागली.

तेव्हा थोरले, तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. आई आजारी आहे हे आम्हाला माहीत नव्हतं, आणि आम्ही फुलासाठी थांबलो होतो.

पेणमध्ये आता त्यातला एकही कंद नाही. आईच्या दगडाशी जी निळी मंजिरी येते ती तुम्ही तिथल्या मातीतलीच समजत असाल. ती इथून आलेली आहे. तुमचे वडील सांगतात की कंदांना पिल्लं फुटली आहेत, आणि आता ती शेजारच्या अनोळखी बाईच्या दगडापर्यंत पसरली आहेत. त्यांना कुणी पाणी घालत नाही. ती दर वर्षी येतात.